दारं काढलेलं घर

४ फेब्रुवारी

वन्सं,

आधी नमस्कार घ्या, मग रागवा. पोचल्याबरोबर पत्र टाकते म्हणाले होते आणि आठवडा उलटला. पण इथं आल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

प्रवास झाला एकदाचा. विमानात शेजारच्या बाईनं तिची पिशवी क्षणभर सांभाळा म्हटलं, मी सांभाळली नाही. तुम्ही बजावलं होतं ना, कुणावर विश्वास टाकायचा नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा एकटी घराबाहेर पडलेल्या बाईला सगळं जग भामट्यांचंच वाटतं, हे मला कळत होतं. तरी वाटायचं ते वाटलंच. उतरल्यावर संस्थेचा ड्रायव्हर माझ्या नावाची पाटी धरून उभा होता. त्याला मी इतक्या वेळा संस्थेचं नाव विचारलं, की शेवटी तोच माझ्याकडे संशयानं बघायला लागला.

संस्था म्हणजे लांबलचक दुमजली इमारत. ज्यांची दृष्टी मोठेपणी गेली अशी माणसं इथं काही महिने राहतात आणि स्वतःच्या घरात एकट्यानं वावरायला शिकतात. चहा करणं, कपडे ओळखणं, जिना चढणं, असं सगळं. माझ्यासारखे बिनपगारी हौशी चार-पाच जण आहेत, बाकी सगळे विशी-पंचविशीतले. मला शिवणाच्या खोलीत टाकलंय, ते बरं झालं. बाकीचं मात्र मला बरं दिसत नाही.

आल्या आल्या इथल्या मॅडमनी पासपोर्ट मागून घेतला. नोंदणीसाठी म्हणे. अजून परत आलेला नाही. मग तासभर त्यांनी भरभर इंग्रजीत नियम सांगितले, मी मान डोलावत राहिले, निम्मं डोक्यावरून गेलं. एवढं कळलं की कुठल्याही खोलीत पाऊल टाकलं की मोठ्यानं आपलं नाव सांगायचं आणि निघताना 'जाते' म्हणायचं. शाळेतसुद्धा हजेरी दिवसातून एकदाच होती. मी तुम्ही ठेवलेलं टोपणनावच सांगते. खरं नाव फुकट कशाला द्या.

आणि माझ्या खोलीत कुणीतरी येतं. आपल्या घरच्या सवयीनं मी दार अर्धं लोटून जाते. परत यावं तर घट्ट लावलेलं. ओढून ठेवलेली खुर्ची टेबलाखाली पार आत सरकवलेली. चोरीला काही गेलेलं नाही, पण चोर आधी पाहणी करून जातो असं तुम्हीच म्हणता. आपलं बरं होतं. दार अर्धं उघडं म्हणजे जागी आहे, या गप्पा मारायला. लावलेलं म्हणजे झोपलेय नाहीतर फुगलेय. इतकी वर्षं त्या एका खुणेवर आपलं निभलं. इथं रोज कुणीतरी माझं दार लावून टाकतं आणि मला आपलं तोंडच बंद केल्यासारखं वाटतं.

एक विचारू? जाहिरात मी दाखवली हे खरं, पण 'जा, जा' म्हणून तुम्ही हात धुऊन मागे लागलात. मला कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवताना जिन्यात उभ्या राहणाऱ्या तुम्ही. हे गेल्यावर घरात आपण दोघीच उरलो, आणि तुम्ही मला एवढ्या लांब धाडलंत. निघताना विमानतळावरही आला नाहीत. गुडघे दुखतात म्हणालात. ते गुडघे आदल्या दिवशी बरे होते.

परदेशातला किचकट पत्ता जमणार नाही म्हणालात, म्हणून पत्ता घातलेली पाकिटं कपाटात वरच ठेवलीत. फोन तुम्हीच बंद केलाय, तेव्हा पत्र तरी धाडा.

तुमची
भिंगरी


१९ फेब्रुवारी

भिंगरी,

आशीर्वाद मी दर पत्रात लिहिणार नाही, ते कायमचे दिलेत असं समज.

टाइप केलेलं बघून दचकू नकोस. कोर्टातून निवृत्त होताना लिलावात घेतलेलं ते मशीन माळ्यावरून खाली काढून घेतलं. हल्ली हात कापतो आणि माझं अक्षर मलाच लागत नाही. मशीनवर बोटं आपोआप चालतात, त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही की नोकरी संपली. तूही जरा मोठं लिही, काळ्या शाईनं, मध्ये ओळ सोडून. तुझ्या त्या मुंग्यांच्या रांगा वाचताना त्रास होतो.

पासपोर्ट आधी ताब्यात घे. झोपताना दाराला आतून खुर्ची लाव. नाव पुकारत खोलीत शिरायचं हे मला अजिबात आवडलेलं नाही. तुझ्या वयाच्या कामसू बायका हेरून ठेवून घेतात आणि फुकट राबवतात, असं मी ऐकलंय. कुणी फार गोड बोलायला लागलं तर समजून जा.

मुळात आंधळ्यांच्याच संस्थेत जायचं तुला कुठून सुचलं? मी तेव्हाही म्हणाले होते, कुठे बागकाम असतं, कुठे मुलांची शाळा असते. तुझं बोट नेमकं त्याच जाहिरातीवर पडायचं होतं. असो. त्या लोकांचं पानभर वर्णन मला पाठवू नकोस. कोण कुठे ठेचकाळलं आणि कुणाला काय जमत नाही, हे मला ऐकायचं नाही.

ढकललं म्हणतेस. सासूचं केलंस, मग माझ्या भावाचं केलंस, तेही शेवटपर्यंत. स्वतःचं काय केलंस? पिको, फॉल आणि लोकांच्या पँटी लांडी करणं. चार महिने तरी दुसरी हवा खा म्हटलं तर त्यातही तुला डाव दिसतो.

विमानतळाचं कारण गुडघेच. विषय संपला.

घर ठीक आहे. मी ठीक आहे. वरच्या मजल्यावरचे हेडमास्तर अधूनमधून डोकावतात. फोन करू नकोस. फोनवरच्या हलत्या चित्राकडे बघून बोलायला मला जमत नाही.

वन्सं


५ मार्च

वन्सं,

नमस्कार. मोठं लिहितेय, काळ्या शाईनं, ओळ सोडून. अशानं माझा एक पॅड तुमच्या एका पत्रात संपायचा.

पहिलं पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी पासपोर्ट मिळाला, मॅडमनी स्वतः आणून दिला आणि उशीर झाला म्हणून माफी मागितली. म्हणून मी निर्धास्त झाले असं समजू नका. तो मी उशीच्या अभ्र्यात शिवून टाकलाय. खोलीत येणारा अजून सापडलेला नाही. काल मी मुद्दाम खुर्ची वाकडी ठेवून जिन्याखाली दबा धरून बसले. दोन-तीन जण गेले, चौथे बेकरीवाले. त्यांनी चालता चालता भिंतीवरून हात फिरवला, माझं दार हाताला लागलं तसं ओढून लावलं आणि पुढे गेले. आत वाकूनही बघितलं नाही. मी गोंधळलेच.

हे बेकरीवाले म्हणजे मोठा आडवा माणूस, जन्मभर पाव भाजले, दोन वर्षांपूर्वी डोळे गेले. मी शिवणाच्या खोलीत कॉलरच्या आत बटणं शिवते. गोल बटण म्हणजे पांढरा सदरा, चौकोनी म्हणजे निळा, दोन बटणं म्हणजे बाहेर जायचा. माझी इंग्रजी मोडकी, त्यांची त्याहून मोडकी, त्यामुळे आमचं छान जमतं. तुम्हाला वर्णन नको म्हणून इथंच थांबते. तुम्हाला त्या लोकांचं वावडं का, ते मात्र मला कळलेलं नाही. तुम्ही असं तोडून बोलणाऱ्यातल्या नव्हेत.

आता मुद्द्याचं. समोरच्या वहिनींचा फोन आला होता. त्यांना माझी काळजी वाटत होती म्हणे, पण काळजी दोन वाक्यांत संपली आणि पुढे सगळी तुमचीच बातमी. घरी सुतार आला होता, दोन माणसं माझ्या खोलीचं दार उचलून जिन्यानं खाली नेत होती, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. आणि हेडमास्तर अधूनमधून डोकावत नाहीत, रोज चार वाजता येतात आणि तासभर बसतात. आतून त्यांचा एकट्याचाच आवाज येत असतो.

हेडमास्तरांचं मी काही बोलत नाही. विधुर आहेत, चारित्र्य चांगलं आहे, दात स्वतःचे आहेत. पण दाराचं काय? मी इकडे येण्याआधी तो दलाल आपल्याकडे चकरा मारत होता, घर काढणार का म्हणून. तुम्ही त्याला चहा दिला होतात. घर तुमच्या नावावर आहे, मला ठाऊक आहे. माझं म्हणून तिथं एक खोली आणि एक शिवणाचं मशीन. त्या खोलीचं दार मला न सांगता जात असेल, तर उद्या मी कुठल्या दारात उभी राहू?

सरळ सांगा. राग आला तरी चालेल.

भिंगरी


१८ मार्च

भिंगरी,

समोरचीला माझ्या घरातलं मोजायला ठेवलंस, हे कळलं.

दारांना वाळवी लागली होती. तुझंच नाही, आतली सगळीच काढली, न्हाणीघराचं तेवढं ठेवलं. खुर्च्या, टीपॉय, सगळं भिंतीला लावून घेतलं. तुझं मशीन सुरक्षित आहे, त्याला कुणी हात लावलेला नाही. घरात मला मोकळं लागतं हल्ली. माझ्या घरात मला मोकळं लागलं तर त्याला कुणाची परवानगी हवी असं मला वाटलं नव्हतं.

दलाल आला, चहा पिऊन गेला. दारावर आलेल्याला मी पाणी विचारते, तसा चहा विचारला.

हेडमास्तर पेपर वाचतात, मी चुका काढते. तुझ्या मनात जे आलंय ते मनातच ठेव.

तुझ्या मॅडमना विचार, मुदत वाढवून मिळते का. मिळत असेल तर घे, वर्षभराची घे. इथं तुझ्यावाचून काही अडलेलं नाही.

वन्सं


३ एप्रिल

वन्सं,

'इथं तुझ्यावाचून काही अडलेलं नाही.' हे वाक्य मी इतक्यांदा वाचलं की आता डोळे मिटले तरी दिसतं.

मी इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण आधी राग आला होता आणि मग इथं माझ्या हातून एक गोष्ट घडली. तुम्हाला ऐकायचं नसलं तरी सांगणार आहे.

मंगळवारी घाईत होते. शिवणाच्या खोलीचं दार नेहमीसारखं अर्धं लोटलं आणि कात्री आणायला गेले. परत येते तर बेकरीवाले खाली बसलेले, कपाळ फुटलेलं, सदऱ्यावर रक्त. माझ्या दाराची कड त्यांना बरोबर भुवईवर लागली होती. टाके पडले. मला वाटलं आता मॅडम मला हाकलणार, आणि हाकललं असतं तर ते योग्यच होतं.

त्यांनी हाकललं नाही. मला त्या दारासमोर उभं केलं, डोळे मिटायला लावले आणि हात पुढे करून चालायला सांगितलं. वन्सं, माझा एक हात दाराच्या अलीकडून गेला, एक पलीकडून, आणि कड सरळ नाकावर आली. मॅडम म्हणाल्या, ज्याला दिसत नाही त्याला भिंत चालते, मोकळी वाट चालते, अर्धं दार चालत नाही. म्हणून इथं दार एक तर पूर्ण उघडं नाहीतर पूर्ण बंद. खुर्ची टेबलाच्या आत. आणि खोलीत कोण आलं ते कळावं म्हणून नाव. हे सगळं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मी मान डोलावत होते तेव्हा. म्हणजे माझ्या खोलीत चोर कधी येतच नव्हता. खुर्ची झाडायला येणारी बाई आत सरकवून जायची. येणारा-जाणारा प्रत्येक जण पुढच्याचं कपाळ वाचवत होता. मला इतकी लाज वाटली की दोन दिवस जेवण गेलं नाही. बेकरीवाले मात्र टाके मिरवत फिरतायत आणि मला बघितलं की, म्हणजे माझा आवाज ऐकला की, कपाळावर हात धरतात. चेष्टा करतात हो.

तर इथं मी दारांच्या बाबतीत चुकले, हे कबूल. पण म्हणून तुमच्या दारांच्या बाबतीतही चुकतेय असं मला वाटत नाही. वाळवी एका रात्रीत सगळ्या दारांना लागत नाही. सहा महिन्यांपूर्वी यांच्या वर्षश्राद्धाला मीच ती दारं पुसली होती, चांगली दणकट होती. तुम्ही खोटं बोलता आहात. आधी मला घालवलंत, मग खोलीचं दार काढलंत, फर्निचर हलवलंत, आता वर्षभर येऊ नको म्हणता. फोन बंद. हेडमास्तर रोज हजर. याचा अर्थ काय लावू मी? लग्न करायचं असेल तर करा, मी अक्षता टाकीन. घर विकायचं असेल तर विका. पण मला घरातल्या जुन्या कपाटासारखं न सांगता बाहेर काढू नका.

एकच विचारते आणि एकाच शब्दात उत्तर द्या. मी परत यावं असं तुम्हाला वाटतं की नाही?

भिंगरी


२८ एप्रिल

वन्सं,

तुमचं पाकीट मिळालं. आत दोन पानं, नीट घडी घातलेली, आणि दोन्ही कोरी.

आधी मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, हेच तुमचं उत्तर. एक शब्द मागितला होता, तुम्ही तेवढाही दिला नाहीत. मी दार लावून घेतलं, पूर्ण बंद, इथल्या नियमाप्रमाणे, आणि दोन दिवस शिवणाच्या खोलीकडे फिरकले नाही. मनात घराची वाटणी केली, माझं मशीन उचललं, भाड्याची खोली बघितली, तुमच्याशी जन्मात बोलायचं नाही असंही ठरवलं. सगळं पडल्या पडल्या.

तिसऱ्या दिवशी शिवणाच्या खोलीत बसले होते. ती पानं टेबलावर टाकली होती, फाडायचं धैर्य होत नव्हतं. बेकरीवाले आले, नाव सांगून बसले, बटणं चाचपायला हात फिरवला आणि तो पानांवर थांबला. ते इथं ठिपक्यांची लिपी शिकतायत आणि त्यांना ती मुळीच येत नाही. त्यांनी बोटं फिरवली, परत फिरवली आणि वैतागून म्हणाले, "ही कुठली नवी लिपी आणलीस? हे माझे ठिपके नाहीत."

मी म्हटलं, कागद कोरा आहे. ते म्हणाले, "कोरा कुठला. पानभर ठोकलंय कुणीतरी."

मी पान खिडकीशी नेलं, तिरकं धरलं. खरंच ठोकलं होतं. मग शिवणातली पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं घासली आणि तुमची अक्षरं वर आली. सुबक, एका रेषेत, समास सोडून. मशीनमधली शाईची रिबन सुटली होती वन्सं. खिळे नुसतेच कागदावर आपटत राहिले.

तुम्ही लिहिलेलं सगळं वाचलं. 'नाही. तू परत येऊ नयेस असं मला वाटतं. मला माझं घर एकटीला हवं आहे. तुझी सवय मोडली आहे आणि मला बरं वाटतं आहे.' दुसऱ्या पानावर तर हेडमास्तरांचंही नाव घेतलंत, हवं ते समज म्हणून. एरवी हे वाचून मी कोसळले असते. पण माझं लक्ष त्या शब्दांवर नव्हतंच. कोर्टात एक अक्षर पुसट उठलं तर अख्खं पान फाडणाऱ्या बाईनं दोन पानं टाइप केली, मशीनमधून काढली, घडी घातली, पाकिटात घातली, आणि ती कोरी आहेत हे तिला कळलं नाही.

वन्सं, तुम्हाला कधीपासून दिसत नाही?

मग जुनी पत्रं काढून बसले आणि माझीच मला चीड आली. मोठं लिही, काळ्या शाईनं. पत्ता जमणार नाही. चित्राकडे बघून बोलता येत नाही. खुर्च्या भिंतीला, दारं बाहेर. चार वाजता हेडमास्तरांचा एकट्याचा आवाज. माझी पत्रं वाचून दाखवतात ना ते? म्हणजे ते दातांचं आणि अक्षतांचंही त्यांनीच वाचलं असणार. आता मी त्यांना तोंड कसं दाखवू?

इथं मी दिवसभर दुसऱ्यांच्या कॉलरमध्ये बटणं शिवत होते आणि तुम्ही तिकडे एकट्या दारांवर आपटत होतात. किती लागलं? कुठे लागलं? समोरच्या वहिनींना मी विचारलेलं नाही. मला दुसऱ्याकडून ऐकायचं नाही.

तुम्ही मला का घालवलंत ते मला आता कळतं. सासूबाईंचं केलं, यांचं केलं, तिसरं नाव तुमचं नको होतं तुम्हाला. मला आधी कळलं असतं तर मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नसतं, हे खरं आहे. पण तुमच्यावर माझा राग आहे तो आहेच. तुम्ही माझ्यावर दया केलीत आणि मला विचारलं नाहीत. मी इथं रडत बसले ते दुःखानं कमी आणि रागानं जास्त.

आता माझं ऐका. मी धावत येणार नाही. मुदत पूर्ण करून जूनच्या पहिल्या आठवड्यात येईन, बेकरीवाल्यांचा चहा अजून बशीत जास्त आणि कपात कमी पडतो, तो तेवढा मार्गी लागू दे. मी तुमची सेवा करायला येत नाही. मी माझ्या घरी येतेय. कागदावर ते कुणाचंही असो.

दारं काढलीत ते उत्तम केलंत, इथल्या मॅडमनीही तेच सांगितलं असतं. स्वयंपाकघरातलं पायपुसणं मात्र उचला, त्याचं टोक दुमडतं. सोबत बटणं पाठवतेय. आणि रिबन हेडमास्तरांकडून बसवून घ्या, मग मला खरं लिहा.

तुमची
भिंगरी


१२ मे

भिंगरी,

हे पान हेडमास्तरांना दाखवून मगच पाकिटात घालतेय. उमटलंय म्हणाले. मजकूर वाचू नका म्हटलं तर म्हणाले, चष्मा काढूनच उभा आहे.

काचबिंदू. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा उशीर झाला होता. आधी कडा गेल्या, मग मधलं धुरकट झालं, तू गेल्यावर तेही फार भरभर गेलं. आता उजेड कुठल्या बाजूला आहे एवढं कळतं. विमानतळावर आले नाही, कारण घरातून निघताना तू खिडकीत उभी राहून पर्स तपासत होतीस, आणि तुझा चेहरा मला नीट दिसला होता. तो तसाच ठेवायचा होता. तिथल्या गर्दीत धुरकट व्हायला नको होता.

लागलं ते तुझ्या दारावरच. तू गेल्यावर मीच ते रोज अर्धं उघडून ठेवत होते. तू जागी आहेस, असं वाटायचं. एका सकाळी तिथंच कपाळ आपटलं आणि मी जमिनीवर बसून खूप रडले, लागलं म्हणून नाही. मग सुताराला बोलावलं. तुझंच दार काढलं तर तू काय समजशील म्हणून सगळीच काढली. तरी तू समजायचं तेच समजलीस.

ती दोन पानं खोटी होती. जन्मभर कोर्टात लोकांची खोटी प्रतिज्ञापत्रं टाइप केली, त्यांतलं अक्षर न् अक्षर उमटलं. स्वतःचं एक केलं तर तेच उमटलं नाही.

हेडमास्तरांनी तुझं दातांचं वाक्य गाळलं होतं. पण तिथं ते इतका वेळ खोकले की मी परत वाचायला लावलं. अक्षतांवर त्यांनी काही भाष्य केलं नाही, पण दुसऱ्या दिवशी येताना सदरा इस्त्रीचा होता, खळीचा वास येत होता. तूच ये आणि काय ते बघ. माझा त्यांच्यावर संशय आहे.

तुझ्यावरही आहे. माझ्या घरी येतेय असं ठसक्यात लिहिलंस, पण आत दया दडवली असशील तर ती तिथंच ठेवून ये. मी चहा करते, कपात. पायपुसणं उचललं. बटणं मिळाली, चौकोनी कुठल्या रंगाला ते लिहिलं होतंस, आता मी निळा सदरा घालत नाही, तेव्हा ती करड्या साडीच्या ब्लाउजला लावणार. शिवायला तू लागशील. सुईत दोरा ओवणं तेवढं अजून जमलेलं नाही. बघ, लिहिलं खरं. अडतं माझं.

सुतार काल येऊन गेला. तुझ्या खोलीचं दार परत बसवलं, फक्त तुझंच. रागावशील तेव्हा पूर्ण लावून घे, एरवी पूर्ण उघडं ठेव. अर्ध्याची खूण आता आपल्याला परवडायची नाही.

आणि आलीस की जिन्यातून तडक आत घुसू नकोस. दारात थांब आणि नाव सांग. पाऊल मी ओळखेनच, तरी सांग.

वन्सं